वंगणाचे मोल



मागे एकदा वर्गात अमेरिकेतल्या रेल्वेचा आणि तेलाच्या धंद्याचा धडा चालू होता. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठला आणि म्हणाला, "सर, एका मोटारीचं नुसतं तेल बदलायला सोळा लाख रुपये लागतात, हे खरं का?" सगळा वर्ग हसला. मुलगा शेतकऱ्याचा होता. तो पुढे म्हणाला, "सोळा लाखांत आमच्याकडं दोन ट्रॅक्टर येतील. त्या तेलात सोनं असतं का?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मुलाने सांगितलेली मोटार खरी आहे. फ्रान्समधल्या मोल्सहाइम या गावी २००५ ते २०१५ या काळात बुगाटी वेरॉन नावाची शर्यतीच्या जातीची मोटार तयार होत होती. सगळ्या मिळून साडेचारशे मोटारी निघाल्या. तिच्या तेलबदलीचा खर्च वीस हजार डॉलरच्या वर जातो, असे जगभरच्या नियतकालिकांत छापून आले. हिशेब सोपा जावा म्हणून डॉलरचे ८० रुपये धरले तर सोळा लाख होतात. मुलाचा गुणाकार बरोबर होता.

आता सोन्याचे पाहू. अशा मोटारीत फार तर पंधरा-वीस लिटर तेल मावते. लिटरला दोन हजार रुपये असे भारीतले भारी तेल धरले, तरी वीस लिटरचे चाळीस हजार होतात. म्हणजे सोळा लाखांतला चाळिसावा हिस्सा तेलाचा. मग बाकीचे एकोणचाळीस हिस्से कशाचे? याचे उत्तर मोटारीत शोधून सापडणार नाही. त्यासाठी थोडे मागे जावे लागते, थेट आपल्या बैलगाडीपर्यंत.

बैलगाडीच्या बुडाशी पूर्वी वंगणाचा नळा टांगलेला असे. लांबच्या वाटेला निघायचे तर आधी चाक काढायचे, आखाला काळेभोर वंगण चोपडायचे आणि मग बैल जुंपायचे. वंगण विसरले की चाक कुरकुरू लागे, आख तापे, आणि बैलांच्या तोंडाला फेस येई. गाडीवानाने पदार्थविज्ञानाचे पुस्तक पाहिलेले नसे. पण कोरड्यावर कोरडे घासले की ताकद फुकट जाते आणि लाकूड झिजते, हे त्याला पक्के ठाऊक असे. बैलांचे कष्ट वाचवणारी सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे ते वंगण.

ही युक्ती माणसाला किती जुनी ठाऊक आहे, ते पाहा. इजिप्तमध्ये जेहुतिहोतेप नावाच्या एका सरदाराची सुमारे ३९०० वर्षांपूर्वीची कबर आहे. तिच्या भिंतीवर एक चित्र होते. एक अजस्र पुतळा घसरगाडीवर ठेवला आहे, माणसांच्या रांगाच्या रांगा दोर ओढत आहेत, आणि घसरगाडीच्या पुढल्या टोकाशी उभा राहून एक माणूस वाळूवर घड्यातून काहीतरी ओततो आहे. पुष्कळ दिवस विद्वानांना वाटे की हा काही धार्मिक विधी असावा. २०१४ साली ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोग करून दाखवले की, वाळू नेमकी ओली केली तर ओढायला लागणारी ताकद जवळजवळ निम्मी होते. तो घडेवाला पुजारी नसावा, वंगणवाला असावा!

पुढे हजारो वर्षे वंगण म्हणजे घरातलीच वस्तू होती. जनावरांची चरबी, बियांचे तेल, समुद्रकाठी देवमाशाचे तेल. चाके हळू फिरत होती तोवर एवढे पुरत होते. मग वाफेचे यंत्र आले आणि सगळेच बदलले. आगगाडीचा आस मिनिटाला शेकडो फेरे घेऊ लागला. इंजिनाच्या दट्ट्याभोवती उकळती वाफ. तेथे चरबी टिकेना. गाडी ठरावीक अंतरावर थांबवायची, तेलवाल्याने झारी घेऊन उतरायचे, सांध्यासांध्याला तेल द्यायचे, आणि मगच गाडी पुढे, असा क्रम होता.

अशाच एका तेलवाल्याची हकिगत सांगतो. त्याचे नाव एलायजा मकॉय. त्याचे आईबाप अमेरिकेतल्या केंटकी संस्थानात गुलाम होते. तेथून निसटून ते कॅनडात गेले आणि तेथे १८४४ च्या सुमारास एलायजाचा जन्म झाला. पोरगा यंत्रवेडा निघाला. आईबापांनी त्याला शिकायला स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला धाडले. यंत्रविद्या शिकून तो अमेरिकेत मिशिगनला परतला. पण काळ्या माणसाला इंजिनियरची जागा कोण देणार? रेल्वेने त्याला भट्टीत कोळसा टाकण्याचे आणि तेल घालण्याचे काम दिले. शिकलेला माणूस हातात झारी घेऊन उभा राहिला.

त्याने झारी टाकली नाही, पण तिच्याकडे तो इंजिनियरच्या डोळ्यांनी पाहत राहिला. गाडी चालू असतानाच तेल आपोआप थेंबथेंब जागेवर पडेल, असे पात्र त्याने तयार केले आणि १८७२ साली त्याचे पेटंट घेतले. पुढे त्याच्या नावावर पन्नासहून अधिक पेटंटे झाली. आज तुमच्याआमच्या मोटारसायकलीत तेल आपले आपण फिरत असते. त्याची वाट सोपी करणाऱ्यांत हा तेलवाला आहे. इतिहासाच्या पुस्तकांत इंजिन बांधणाऱ्यांची नावे मोठ्या अक्षरांत असतात. झारीवाल्यांची नावे आपल्याला शोधावी लागतात.

पण तेल नेमके करते तरी काय? ते कळले एका बुचामुळे. १८८३ च्या सुमारास इंग्लंडात बोशँप टॉवर नावाचा इंजिनियर रेल्वेच्या आसांवर प्रयोग करीत होता. आसावर बसवलेल्या पितळी बेअरिंगला तेल देण्यासाठी त्याने वरून एक भोक पाडले. आस फिरू लागला, आणि आश्चर्य असे की त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. टॉवरने भोकाला बूच मारले. बूच उडाले. लाकडाची खुंटी ठोकली. तीही हळूहळू वर सरकून बाहेर आली! तेव्हा त्याने तेथे दाब मोजण्याचे घड्याळ लावले. काटा दर चौरस इंचाला दोनशे पौंडांच्या पलीकडे गेला.

याचा अर्थ मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्स या प्राध्यापकाने १८८६ साली गणिताने उलगडून दाखवला. फिरणारा आस तेलाला आपल्याबरोबर ओढत नेतो आणि निमुळत्या फटीत कोंबतो. तेथे तेलाचा दाब इतका वाढतो की आस त्याच्यावर तरंगू लागतो. म्हणजे चालू इंजिनात लोखंडाला लोखंड टेकतच नाही. मधे केसाहूनही कितीतरी बारीक असा तेलाचा पापुद्रा असतो, आणि सारा भार त्यावर. शिक्षक बंधुभगिनींना हे वर्गात सहज दाखवता येईल. गुळगुळीत टेबलावर काचेचा तुकडा कोरडा सरकवा, मग खाली चार थेंब तेल सोडून सरकवा. मुलांच्या बोटांना धडा कळेल.

एवढे ध्यानात ठेवा, श्रोते हो. पुढचा सगळा खर्च या पापुद्र्यासाठी आहे.

तोवर तेलाची जातही बदलली होती. १८५९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया संस्थानातल्या टायटसव्हिल येथे एडविन ड्रेक याने सुमारे सत्तर फूट खोल विंधण घेऊन जमिनीतले तेल वर काढले. लोकांना दिव्याचे रॉकेल हवे होते. रॉकेल काढून जो जड भाग उरे, त्यातून वंगण होऊ शकते हे ध्यानात आले, आणि चरबीचे दिवस संपत आले.

तरी शर्यतीच्या मोटारीला पहिले उत्तम वंगण मिळाले ते आपल्या बांधावरच्या झाडाचे. एरंडाचे! आपल्याकडे एरंडाची प्रतिष्ठा ती काय? गावात दुसरे झाडच नसेल तर एरंडाला झाड म्हणायचे. पण एरंडेल दाट असते, उष्णतेत टिकते आणि धातूला चिकटून राहते. लंडनच्या चार्ल्स वेकफील्ड या व्यापाऱ्याने १८९९ साली वंगणाची कंपनी काढली होती. १९०९ साली तिने एरंडेल घातलेले नवे तेल बाजारात आणले आणि एरंडाच्या इंग्रजी नावावरूनच त्याला कॅस्ट्रॉल हे नाव दिले. जुन्या शर्यतींच्या मैदानांवर जळत्या एरंडेलाचा जो वास दरवळे, त्याची आठवण जुने शौकीन पुढे कित्येक वर्षे काढीत असत. एरंडीचे सर्वाधिक पीक जगात आजही भारतातच होते, आणि त्यातले बहुतेक गुजरातेत.

पहिल्या महायुद्धातल्या पुष्कळ विमानांतही एरंडेलच वापरीत. त्या इंजिनांत ते पेट्रोलच्या धुक्याबरोबर फिरे, पण पेट्रोलमध्ये सहज विरघळत नसे, म्हणून पापुद्रा टिके. मात्र वापरलेले तेल धुरासकट मागे फेकले जाई आणि वैमानिकाच्या नाकातोंडात बसे. एरंडेल पोटात गेल्यावर काय होते, हे आपल्या आजीबाईंना विचारायला नको. शत्रूच्या गोळ्या चुकवून आलेले वीर विमानातून उतरले की आधी कोणीकडे धावत असतील, ते तुम्हीच ओळखा.

यात एक मोठी गोष्ट दडलेली आहे. त्या विमानांत तेल बदलण्याचा प्रश्नच नव्हता. तेल एका बाजूने आत जाई, दुसऱ्या बाजूने उडून जाई. कित्येक जुन्या मोटारींचेही तसेच होते. थेंबथेंब तेल रस्त्यावर सांडत जायचे आणि नवे भरायचे. तेल बदलणे ही गरज केव्हा निर्माण झाली? इंजिन बंदिस्त झाले आणि तेच तेल पुन्हा पुन्हा फिरू लागले तेव्हा. फोर्डच्या १९०८ च्या प्रसिद्ध टी मोटारीत तेलाला पंपसुद्धा नव्हता. फिरते भाग तेलात बुडून ते आतल्या आत उडवीत. तेल वाचू लागले. पण त्याबरोबर काजळी, पाण्याचा अंश, आम्ल आणि झिजलेल्या लोखंडाची भुकटीही त्याच तेलात जमू लागली. विहिरीचा उपसा बंद केला की पाणी जसे नासते, तसे. मग पाचशे-हजार मैलांवर तेल बदला, अशी सूचना आली. १९२३ साली अमेरिकेत मोटारीसाठी तेल गाळण्याच्या गाळणीच्या पेटंटासाठी अर्ज झाला. पुढे तेलातच मळ धरून ठेवणारी औषधे मिसळू लागले. १९५० नंतर थंडीत पातळ राहणारी आणि उष्णतेत जाडी टिकवणारी तेले सर्रास आली. १९७४ साली मोबिल वन हे कृत्रिम तेल आले. ते महाग, पण फार काळ टिकणारे. पाचशे मैलांची मुदत आज कित्येक मोटारींत दहा हजार किलोमीटरांच्या पुढे गेली आहे.

आपल्याकडेही या तेलाचा पाया घातला गेला. मुंबईजवळ तुर्भे येथे १९५४ आणि १९५५ साली तेलशुद्धीकरणाचे दोन कारखाने सुरू झाले, आणि १९७२ साली इंडियन ऑइलने सर्वो हे वंगण बाजारात आणले. आज तालुक्याच्या पेठेत वंगणाचे डबे ओळीने मांडलेले दिसतात.

आता त्या सोळा लाखांच्या मोटारीकडे वळू. साधी मोटार आणि शर्यतीची मोटार यांत वंगणाच्या दृष्टीने फरक काय? पहिला फरक वळणाचा. पाण्याची बादली घेऊन गोल गिरकी घ्या. पाणी एका अंगाला चढते. शर्यतीची मोटार भरधाव वळली की इंजिनाखालचे तेल, म्हणजे आपले मेस्त्री ज्याला चेंबर म्हणतात त्यातले तेल, असेच एका बाजूला धाव घेते. पंपाच्या तोंडाशी तेल उरत नाही, तो हवा ओढतो, आणि टॉवरचा तो पापुद्रा फाटतो. मिनिटाला सात-आठ हजार फेरे घेणाऱ्या इंजिनाला एवढ्याने कायमचे अपंग व्हायला काही क्षण पुरतात. म्हणून अशा मोटारींत तेल इंजिनाखाली साठवीतच नाहीत. ते वेगळ्या टाकीत ठेवतात, एका पंपाने इंजिनात घालतात, दुसऱ्या पंपांनी लगोलग खेचून परत टाकीत नेतात. जर्मनीची पोर्श ९११ ही मोटार १९६३ साली लोकांपुढे आली, तिच्यात हीच रचना होती. तिचे इंजिन हवेने थंड होई, म्हणून उष्णता वाहून नेण्याचे कामही पुष्कळसे तेलाकडेच होते. साहजिकच तेल जास्त, नळ्या जास्त, टाकी वेगळी आणि काम दुप्पट.

दुसरा फरक जागेचा. वेरॉनचे इंजिन आठ लिटरचे, सोळा सिलिंडरांचे, त्याला हवा कोंबणारे चार टर्बो, आणि ताकद एक हजार एक अश्वशक्ती. हे सगळे बैठकीच्या मागे इतके घट्ट बसवले आहे की बोट शिरायला जागा नाही. ताशी चारशे किलोमीटरच्या वर धावायचे म्हणून मोटारीचे पोटही पत्र्यांनी गुळगुळीत झाकलेले. तेल काढायचे तर आधी मोटारीचा मागचा भाग उघडावा लागतो. आपल्या मोटारसायकलीला खाली एक नट असतो. या मोटारीत तेल सोडण्याची ठिकाणे एक नव्हे, सोळा आहेत, असे जाणकार सांगतात. ते काम करणारा कारागीर वर्षानुवर्षे शिकलेला, आणि तसे कारागीर जगात मोजके.

म्हणजे बाकीचे एकोणचाळीस हिस्से तेलाचे नव्हेतच. ते तेलापर्यंत पोचण्याचे आहेत. थोडे कारागिराच्या हाताचे, थोडे नावाचे, थोडे दुसरीकडे कुठे जाता येत नाही या अडचणीचे. आणि थोडे भीतीचेही आहेत, कारण लाखो डॉलरचे इंजिन पापुद्रा फाटून गेले तर काय, या धास्तीपुढे मालक वीस हजार मोजून मोकळा होतो. श्रीमंताच्या हौसेचा हिशेब म्हणून आपण हे सोडून देऊ शकलो असतो. पण यात आपलाही हिशेब आहे, म्हणून आमच्या घरची एक गोष्ट सांगतो.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या विहिरीवर डिझेलचे इंजिन होते. त्याचे तेल बदलायची वेळ उलटून गेली होती. वडील म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू." कारण त्या महिन्यात माझी परीक्षेची फी भरायची होती. फी भरली. इंजिन काळ्या, पाण्यासारख्या झालेल्या तेलावर चालत राहिले. मग ऐन चैत्रात एका सकाळी ते धडधडत असतानाच एकाएकी थांबले. हँडल दोघांनी मिळून फिरवले, तरी जागचे हलेना. मेस्त्री आला, चेंबर उघडला, बोटावर तेल घेऊन वडिलांपुढे धरले. त्यात लोखंडाची चमक दिसत होती. तो काही बोलला नाही. दुरुस्तीला जे पैसे लागले, त्यात कित्येक वर्षांचे तेल आले असते. आणि इंजिन उभे राहीपर्यंत खालच्या तुकड्यातला कांदा वाळून गेला. वडिलांनी मला कधी बोल लावला नाही. पण त्या फीची पावती मी अजून जपून ठेवली आहे.

ही चूक एकट्या आमच्या घरची नाही. १९६६ साली ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीने सरकारला एक अहवाल दिला. घर्षण, झीज आणि वंगण यांकडे नीट लक्ष दिले, तर त्या एका देशाचे वर्षाला साडेएक्कावन्न कोटी पौंड वाचतील, असा हिशेब त्यात मांडला होता. इतका पुढारलेला देश, पण तेथेही तेलाची झारी वेळेवर फिरत नव्हती. नवे यंत्र घेताना माणूस पेढे वाटतो. जुने यंत्र राखण्याचा खर्च मात्र त्याला दंडासारखा वाटतो.

म्हणून तेल बदलायला जाल तेव्हा त्या विद्यार्थ्यासारखा प्रश्न विचारा. तेलाचे किती, गाळणीचे किती आणि मजुरीचे किती, हे वेगवेगळे सांगायला सांगा. यंत्राबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत ज्या जाडीचे तेल लिहिले असेल, तेच घ्या. नुसते भारी म्हणून महाग तेल घालण्यात अर्थ नाही, आणि स्वस्त म्हणून सुटे, बिननावाचे तेल घेण्यात तर मुळीच नाही. आणखी एक. काढलेले काळे तेल विहिरीच्या कडेला, ओढ्यात किंवा शेतात ओतू नका. त्यात यंत्राची सगळी घाण असते, आणि ती जमिनीतून आपल्याच पाण्यात उतरते. डबा भरून ठेवा आणि जुने तेल रीतसर गोळा करणाऱ्याकडे द्या.

त्या विद्यार्थ्याला मी हे सगळे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे सर, तेलात सोनं नसतंच." मी म्हटले, "नसतं. पण वेळेवर घातलं नाही, तर घरातलं जातं." वर्ग पुन्हा हसला. तो मात्र हसला नाही. त्याच्या घरी ट्रॅक्टर होता.

आमचे इंजिन दुरुस्त होऊन आले, त्या दिवशी वडिलांनी इंजिनघराच्या दारावर खडूने तारीख लिहिली. पुढे दर वेळी तेल बदलले की जुनी तारीख पुसून ते नवी लिहीत. आता विहिरीवर विजेचा पंप आहे आणि वडीलही नाहीत. दारावरची शेवटची तारीख आम्ही पुसलेली नाही.